अकरातले आठ गेले: कॉलेज फुटबॉलमध्ये बचावफळी पुन्हा कशी उभी करायची

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाने नोटर डेमला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, आणि बघता बघता त्या संघाच्या बचावातले अकरापैकी आठ जण निघून गेले. पुढच्या रांगेतले चौघेच्या चौघे, मधला लाइनबॅकर (रांगेच्या लगेच मागे उभा राहणारा) आणि मागच्या फळीतले तिघे. बचावाची आखणी करणारे प्रशिक्षक जिम नोल्सही पेन स्टेटला गेले. त्यानंतर ३० ऑगस्टला हंगामाच्या पहिल्याच सामन्यात समोर आला टेक्सास, म्हणजे हंगामापूर्वीच्या क्रमवारीतला पहिल्या क्रमांकाचा संघ. ओहायो स्टेट १४-७ ने जिंकलं. आठ नव्या मुलांच्या बचावाने अख्ख्या सामन्यात फक्त सात गुण दिले.

हे कसं जमतं, हा प्रश्न मला कित्येक वर्षं खुणावतो आहे. कबड्डीत वाढलेल्या माणसाला बचाव हाच खेळाचा खरा जीव वाटतो. शिवाय मुलाच्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघासाठी तीन हंगाम मी मैदानाच्या कडेला बसून स्नॅप मोजायचं काम केलं, त्यामुळे लहान प्रमाणावर का होईना, हा प्रश्न जवळून पाहिला. ज्यांची मुलं इथल्या शाळांत हा खेळ खेळतात, जे विद्यार्थी विद्यापीठाच्या संघात आकडेवारीची किंवा फिल्मची कामं करतात, आणि ज्यांना शनिवारी नुसता धावफलक बघून समाधान होत नाही, अशांसाठी हा लेख आहे. प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसून, जानेवारीपासून ऑक्टोबरपर्यंत काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते लिहितो.

पायरी १: माणसं मोजू नका, स्नॅप आणि कामं मोजा

चेंडू मागे दिला की एक स्नॅप सुरू होतो. एका सामन्यात बचावाच्या वाट्याला साधारण ६० ते ७५ स्नॅप येतात. बारा सामन्यांच्या हंगामात ही संख्या ८०० च्या आसपास जाते. ‘आठ स्टार्टर (सामना सुरू करणाऱ्या अकरांतले) गेले’ या वाक्याने घबराट होते, पण त्यातून कळत काहीच नाही. गेलेल्यांपैकी एखादा ७५० स्नॅप खेळलेला असतो, एखादा ३५०. आणि ज्याला आपण राखीव म्हणतो तो ४०० खेळून बसलेला असू शकतो.

जॉर्जियाचा २०२१ चा संघ आठवा. जॉर्डन डेव्हिस हा त्या बचावाचा सर्वांत गाजलेला खेळाडू, पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत तेराव्या क्रमांकावर गेला. पण तो निम्म्याहून कमी स्नॅपना मैदानावर असायचा. उरलेले स्नॅप इतर मुलं खेळत होती आणि त्यांतला एक होता जेलन कार्टर. डेव्हिस गेला तेव्हा जॉर्जियाचं एक मोठं नाव गेलं. त्या जागेवर खेळायची सवय मात्र संघातच राहिली.

तेव्हा एक मोठा कागद घ्या आणि चार रकाने आखा. पहिल्यात कोण गेला, दुसऱ्यात तो किती स्नॅप खेळला, तिसऱ्यात तो नेमकं काय काय करत होता, चौथ्यात तेच काम त्याच्याखालोखाल कोण करत होता. तिसऱ्या रकान्यात सर्वांत जास्त वेळ घालवा. पोझिशनचं नाव लिहून मोकळं होऊ नका. दोन-दोन ब्लॉकर अंगावर घेऊन जागा न सोडणारा कोण होता? तिसरा डाऊन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि आठ यार्ड बाकी असताना क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे पास टाकणाऱ्यापर्यंत, कोण पोहोचायचा? समोरच्या संघाच्या सर्वांत वेगवान रिसीव्हरसोबत (पास झेलणाऱ्यासोबत) एकट्याला कोणाला सोडायचो? चुकलं तर मागे शेवटचा माणूस कोण? आणि समोरच्याने रचना बदलली की ओरडून बाकीच्यांना जागा कोण सांगायचा?

हा शेवटचा प्रश्न आम्ही शाळेच्या संघात एका वर्षी विचारलाच नाही. सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा रक्षक, पदवी घेऊन गेला म्हणून सेफ्टी शोधला. चांगला मुलगा मिळाला, पळायला जुन्यापेक्षा वेगवान. सप्टेंबरमध्ये लक्षात आलं की गेलेला मुलगा मागच्या तिघांना प्रत्येक स्नॅपआधी जागेवर आणत होता, शिवाय पंटच्या (लाथेने चेंडू लांब मारून देण्याच्या) वेळी किकरसमोर उभा राहून शेवटचा ब्लॉकही तोच करायचा. जागा भरली होती, पण त्याची दोन कामं उघडी पडली होती. त्या वर्षी आमचा एक पंट अडवला गेला, आणि तो क्षण मला अजून टोचतो, कारण मोजणी माझ्याकडे होती.

कागद भरला की क्रम लावा. माझं ठाम मत आहे की आधी मधला कणा भरावा: पुढच्या रांगेतला मधला टॅकल, मधला लाइनबॅकर, सेफ्टी. कडेचे लोक नंतर. कॉर्नरबॅकचं काम अवघड आहे, पण समजावायला सोपं आहे: हा तुझा माणूस, याला सोडू नकोस. एज रशरचंही (कडेने क्वार्टरबॅकवर धावणाऱ्याचंही) तसंच. म्हणून पहिल्या वर्षाची मुलं कडेला लवकर चमकतात. जॉर्जियाच्या मायकेल विल्यम्सने २०२२ मध्ये पहिल्याच वर्षी कडेला खेळून साडेचार सॅक (क्वार्टरबॅकला पास टाकण्याआधीच पाडणं) घेतले आणि संघात तोच अव्वल ठरला. मधल्या माणसाचं काम बाकी दहांवर अवलंबून असतं, आणि ते शिकायला दिवस लागतात. मध्ये नवा मुलगा टाकावाच लागला तर त्याच्या खांद्याला खांदा लावून जुना मुलगा हवा. त्याच वर्षी मलाकी स्टार्क्स हा पहिल्या वर्षाचा मुलगा जॉर्जियाचा सेफ्टी झाला, पण त्याच्या जोडीला अनेक हंगाम पाहिलेला ख्रिस्तोफर स्मिथ होता.

पायरी २: माणूस जाण्याआधी त्याचा वारस खेळवा

खरं तर ही पायरी आदल्या वर्षाची आहे. जॉर्जियाने १० जानेवारी २०२२ ला अलाबामाला ३३-१८ असं हरवलं. २८ एप्रिलला एनएफएल निवडीच्या पहिल्या फेरीत त्याच बचावातले पाच जण गेले: ट्रॅव्हॉन वॉकर अगदी पहिल्या क्रमांकावर, मग डेव्हिस, क्वे वॉकर, डेव्होंटे वायट आणि लुईस सीन. एका विद्यापीठाच्या बचावातले पाच जण एकाच पहिल्या फेरीत, असं त्याआधी झालं नव्हतं. पुढच्या फेऱ्यांत नकोबी डीन, चॅनिंग टिंडल आणि डेरियन केंड्रिक धरून बचावातले एकूण आठ गेले. बचावाचे समन्वयक (बचावाची आखणी करणारे प्रशिक्षक) डॅन लॅनिंग ओरेगॉनचे मुख्य प्रशिक्षक झाले.

आणि ३ सप्टेंबर २०२२ ला पहिला सामना नेमका लॅनिंग यांच्या ओरेगॉनशी, अटलांटात. जॉर्जिया ४९-३ ने जिंकलं. तो बचाव काही चार महिन्यांत उगवला नव्हता. मुख्य प्रशिक्षक कर्बी स्मार्ट स्वतः जॉर्जियाचे जुने सेफ्टी. २०२१ मध्ये प्रत्येक सामन्यात ते दुसऱ्या फळीला भरपूर खेळवत होते आणि त्याचंच फळ हे होतं.

हे प्रत्यक्षात कसं करायचं? सामना जिंकल्यात जमा झाल्यावर शेवटची दहा मिनिटं राखीव मुलांना देणं पुरेसं नाही. तेव्हा समोरही राखीवच खेळत असतात आणि कोणी जीव तोडून पळत नसतं. समोरच्याच्या प्रत्येक तिसऱ्या मालिकेला (चेंडू हातात आल्यापासून जाईपर्यंतच्या सलग स्नॅपना), गुण बरोबरीत असतानाही, रांगेतले दोघं आणि मागचा एक असे ठरवून बदला. सगळे एकदम बदलू नका. दोन-तीन नवे आणि बाकी जुने, अशी सरमिसळ ठेवा. २०१८ च्या नियमामुळे पहिल्या वर्षाचा मुलगा चार सामन्यांपर्यंत खेळूनही, खेळायला मिळणाऱ्या ठरावीक वर्षांपैकी ते वर्ष राखू शकला. हे चार सामने शेवटी घाईघाईने वापरू नका. कुठल्या मुलाला कुठल्या प्रतिस्पर्ध्यासमोर उतरवायचं, ते सप्टेंबरमध्येच लिहून ठेवा.

डिसेंबरातला बोलच्या (हंगामानंतरच्या खास सामन्याच्या) आधीचा सरावही अशीच एक संधी आहे. एनएफएलला निघालेले बरेच जण तो सामना खेळत नाहीत. प्रेक्षकांना त्याचं वाईट वाटतं, पण त्या दोन-तीन आठवड्यांत पुढच्या वर्षीच्या मधल्या लाइनबॅकरला पहिल्या फळीसोबतचे शेकडो स्नॅप मिळतात. जाणाऱ्या मुलांना एक काम जरूर द्या: नोव्हेंबरपासून आठवड्यातून एकदा, प्रशिक्षकाविना, आपल्या वारसाबरोबर बसून फिल्म बघायची. ‘इथे तू काय पाहिलंस?’ हा प्रश्न मोठ्या मुलाने विचारला की धाकटा जास्त मोकळेपणाने उत्तर देतो.

पायरी ३: उरलेली माणसं बघून रचना ठरवा

या पायरीवर सर्वांत जास्त संघ चुकतात, म्हणून इथे थोडं थांबू.

क्लेमसनचा २०१८ चा संघ १५-० राहिला. त्यांची पुढची रांग, क्लेलिन फेरेल, ख्रिश्चन विल्किन्स, डेक्स्टर लॉरेन्स आणि ऑस्टिन ब्रायंट, ही कॉलेज फुटबॉलने पाहिलेल्या उत्तम रांगांपैकी एक. पहिले तिघं निवडीच्या पहिल्याच फेरीत गेले आणि ब्रायंटही गेला. चौघांची पूर्ण रांग रिकामी. समन्वयक ब्रेंट व्हेनेबल्स यांच्यापुढे दोन वाटा होत्या. तशीच चार जणांची रांग नव्या मुलांची बनवायची आणि ती जुन्यांसारखी खेळेल अशी आशा धरायची, किंवा ताकद कुठे उरली आहे ते पाहायचं. ताकद मागे होती: आयझाया सिमन्स, टॅनर म्यूझ, के’व्हॉन वॉलेस, ए. जे. टेरेल. व्हेनेबल्स यांनी २०१९ मध्ये बऱ्याच वेळा पुढे तिघंच ठेवले आणि मागे जादा सेफ्टी उतरवले. सिमन्स एका स्नॅपला लाइनबॅकर, पुढच्याला सेफ्टी, त्यापुढच्याला स्लॉट रिसीव्हरसमोर (कडेच्या रिसीव्हरच्या आतल्या बाजूला उभा राहणाऱ्यासमोर). क्वार्टरबॅकला तो कुठून येणार हेच कळत नसे. त्या वर्षी सिमन्सला देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरचा बटकस पुरस्कार मिळाला आणि क्लेमसन पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचलं. तिथे एलएसयूने (लुइझियाना स्टेटने) त्यांना ४२-२५ ने हरवलं हे खरं. तरी अख्खी रांग गमावलेल्या संघाने पुढच्याच वर्षी अंतिम सामना गाठणं ही मोठी गोष्ट आहे.

आता त्याच एलएसयूचं पुढचं वर्ष. विजेतेपदानंतर लाइनबॅकर पॅट्रिक क्वीन आणि जेकब फिलिप्स, एज रशर के’लॅव्हॉन चेसन, सेफ्टी ग्रँट डेल्पिट, कॉर्नरबॅक क्रिस्टियन फुल्टन गेले. समन्वयक डेव्ह अरांडा बेलरचे मुख्य प्रशिक्षक झाले. नवे समन्वयक बो पेलिनी आले आणि त्यांनी तिघांच्या रांगेऐवजी चौघांची रांग आणली. वसंतातला सराव करोनामुळे जवळपास वायाच गेला. २६ सप्टेंबर २०२० ला, पहिल्या सामन्यात, घरच्या मैदानावर मिसिसिपी स्टेटच्या के. जे. कॉस्टेलोने एकट्याने ६२३ यार्डांचे पास टाकले. हा साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठगटाचा विक्रम ठरला. एलएसयू ३४-४४ ने हरलं आणि हंगाम ५-५ वर संपला. त्या दिवशी त्यांचा कॉर्नरबॅक डेरेक स्टिंगली आजारी होता, आणि करोनाच्या वर्षात कुणालाच दोष देणं सोपं नाही. पण माणसं नवी, समन्वयक नवा, रचना नवी आणि सरावाचे दिवस गेलेले, अशा चारही गोष्टी एकाच वेळी आल्या की हुशार मुलंही एकमेकांकडे बघत उभी राहतात.

माझा नियम असा: माणसं बदलली असतील तर हाका, म्हणजे रचना सांगायचे ठरलेले शब्द, बदलू नका. समन्वयकही बदलला असेल तर नव्या समन्वयकाने जुन्या संघाचे शब्द शिकावेत. अकरा-बावीस मुलांना नवे शब्द शिकवण्यापेक्षा एका माणसाने शिकणं स्वस्त पडतं. रचना बदलायचीच तर ती सोपी होण्यासाठी आणि उरलेल्यांतल्या सर्वोत्तम माणसाला जास्तीत जास्त स्नॅपमध्ये गुंतवण्यासाठी बदला.

इथेच जागा बदलण्याचाही विचार करा. ओहायो स्टेटच्या सनी स्टाइल्सला २०२४ मध्ये सेफ्टीवरून लाइनबॅकर केलं होतं. २०२५ मध्ये आठ गेले तेव्हा तो नव्या जागेवर एक पूर्ण वर्ष मुरलेला होता. जागा बदलायची असेल तर जानेवारीत बदला. ऑगस्टमध्ये बदललेला मुलगा नोव्हेंबरपर्यंत पाय कुठे टाकायचा याचाच विचार करत राहतो.

पायरी ४: ट्रान्स्फर पोर्टलमधून काय आणायचं, काय नाही

विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या नावांची ही यादी, म्हणजे पोर्टल, १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाली. २०२१ मध्ये एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळायची मुभा मिळाली, आणि २०२४ पासून अभ्यासात ठीक असलेल्या मुलाला कितीही वेळा बदलता येतं. २०२६ साठी नाव नोंदवायची एकच खिडकी ठेवली: २ ते १६ जानेवारी. म्हणजे पायरी १ चा कागद नाताळापूर्वीच तयार हवा. जून २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरच्या मर्यादेत आणि सर्व खेळ मिळून. आणि फुटबॉल संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली. मोठ्या संघांत पूर्वी याहून जास्त मुलं असायची, त्यांत शिष्यवृत्तीविना सराव करणारीही. आता सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करणारी फळी तोकडी झाली आहे. नव्या बचावाला समोर कोण उभं करून शिकवायचं, याचं नियोजनही आता आधीच करावं लागतं.

पोर्टलमधलं माझ्या नजरेतलं सर्वांत सुंदर उदाहरण केलेब डाउन्सचं. अलाबामात पहिल्याच वर्षी १०७ टॅकल (चेंडूवाल्याला पकडून पाडणं), संघात सर्वाधिक. १० जानेवारी २०२४ ला तिथले मुख्य प्रशिक्षक निक सेबन निवृत्त झाले आणि डाउन्स ओहायो स्टेटला आला. आठ गेल्यानंतरही जो कणा शिल्लक राहिला त्यात तो होता. असा खेळाडू दर वर्षी मिळत नाही, पण त्यातून निवडीचे निकष घेता येतात. एक, त्याने खरोखर किती स्नॅप खेळले आहेत. उंची-वजनाचा तक्ता नंतर. दोन, ते कोणत्या रचनेत खेळले. सतत माणसामागे माणूस धावणाऱ्या कॉर्नरबॅकला झोनमध्ये, म्हणजे माणसाऐवजी जागा राखायला, उभं केलं तर तो अर्धा हंगाम चाचपडतो. तीन, तो का निघाला. प्रशिक्षक गेला म्हणून निघालेला मुलगा आणि दर वर्षी निघणारा मुलगा यांत फरक आहे. चार, तो टॅकल पूर्ण करतो की नाही. यासाठी निवडक चमकदार क्षणांच्या फिती बघू नका, त्याचे हरलेले दोन सामने पहिल्या स्नॅपपासून शेवटच्यापर्यंत बघा.

आणि कागदाच्या चौथ्या रकान्यात ज्याचं नाव आहे, ज्याने दोन वर्षं वाट बघितली आहे, त्याच्या डोक्यावर बाहेरचा आणून बसवायच्या आधी त्याच्याशी तोंडावर बोला. स्पर्धा हवी असेल तर स्पष्ट सांगा. त्याला बातमी फोनवर वाचायला लागली तर तोही पोर्टलमध्ये जाईल, आणि एक जागा भरताना दोन रिकाम्या होतील.

पायरी ५: वसंतातले १५ सराव

वसंतात नियमाने १५ सराव मिळतात. हे दिवस अत्यंत मौल्यवान आहेत. पहिले पाच पूर्णपणे मूळ रचनेला द्या: उभं कुठे राहायचं, कोणती फट कोणाची, हाक कोणाची. त्यात एकही ब्लिट्झ (जादा माणसं क्वार्टरबॅकवर सोडणं) नको, मुलांनी कितीही गळ घातली तरी. पुढचे पाच तिसरा डाऊन आणि गोलरेषेजवळची वीस यार्ड यांना. शेवटचे पाच सामन्यासारखे, घड्याळ लावून, प्रशिक्षक मैदानाबाहेर.

प्रत्येक मुलाला शेजारची एक जागाही शिकवा. मधल्या लाइनबॅकरला बाहेरच्याची, सेफ्टीला स्लॉटची. दुखापतीसाठी हे लागतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजाऱ्याचं काम कळलं की आपलं काम का आहे ते कळतं. सरावानंतर प्रत्येकाच्या चुका दोन वेगळ्या रकान्यांत लिहा: डोक्याची चूक, म्हणजे जागा किंवा हाक चुकली, आणि अंगाची चूक, म्हणजे बरोबर जागी असून मागे पडला. अंगाच्या चुका उन्हाळ्यात कमी होतात. डोक्याच्या चुका पंधराव्या सरावालाही तेवढ्याच असतील तर पाठ्यक्रम मोठा आहे; अर्ध्या हाका काढून टाका.

पायरी ६: बोलायला शिकवा

अनुभव म्हणजे काय, याचं माझं उत्तर अगदी साधं आहे: स्नॅपच्या आधीच्या आठ सेकंदांत शेजाऱ्याला योग्य शब्द सांगता येणं. कबड्डीत चढाईपटू आत आला की कोपरारक्षक आणि मध्यरक्षक एकमेकांच्या हाताच्या दाबावरून समजतात की आता कोण झेपावणार. साखळीतला एक जुना हात बदलला की पहिले काही दिवस दोघंही एकदम झेपावतात किंवा कोणीच झेपावत नाही. इथेही तेच होतं. दोन नवे सेफ्टी असतील तर एकाच रिसीव्हरमागे दोघं धावतात आणि दुसरा मोकळा सुटतो. तो प्रेक्षकांना वेगाचा पराभव वाटतो. खरं कारण एक न बोललेला शब्द असतं.

२०२४ पासून बचावातल्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज पोहोचतो. त्याच्या हेल्मेटवर हिरवा ठिपका असतो. त्यामुळे बाहेरून हातवारे करायची गरज कमी झाली. पण पुढचा स्नॅप करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज बंद होतो, आणि हुशार क्वार्टरबॅक नेमका त्यानंतर रचना बदलतो. म्हणजे खरी कसोटी शेवटच्या पंधरा सेकंदांत आहे आणि तिथे मुलं एकटी असतात. हिरवा ठिपका सर्वांत ताकदवान मुलाला देऊ नका. ज्याचं ऐकलं जातं त्याला द्या. आणि दुसऱ्यालाही तयार ठेवा, कारण पहिला जखमी झाला की अकराही जण मुके होतात.

सरावाचे तीन प्रकार मला फार उपयोगी वाटतात. पहिला: चेंडूच नाही, समोरची फळी फक्त जागा बदलत राहते, आणि बचावाने मोठ्याने बोलून उत्तर द्यायचं, दहा मिनिटांत चाळीस रचना होतात. दुसरा: मोठमोठे भोंगे लावून गोंगाटात तेच. तिसरा: फिल्मच्या खोलीत प्रशिक्षक मागे बसतो आणि सर्वांत शांत मुलगा पुढे उभा राहून स्नॅप थांबवत समजावतो. शाळेच्या संघात हा तिसरा प्रकार आम्ही केला तेव्हा जो मुलगा वर्षभर तोंड उघडत नव्हता, त्यालाच सर्व माहीत असल्याचं कळलं. त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

पायरी ७: उन्हाळा आणि ऑगस्ट

उन्हाळ्यात प्रशिक्षकांच्या हाती फारसा वेळ नसतो. ताकद वाढवणं, वजन योग्य ठेवणं, आणि मुलांनी स्वतःहून एकत्र येऊन केलेला सराव. तो सराव होतोय की नाही एवढंच विचारा.

ऑगस्टच्या शिबिरात अकरा जण निवडायचा मोह टाळा. अठरा निवडा: रांगेत आठ, लाइनबॅकर चार, मागे सहा. प्रत्येकाला पहिल्या सामन्यात किती स्नॅप मिळणार ते आकड्याने सांगा. निवड करताना दोन मुलं तुल्यबळ असतील तर ज्याच्या डोक्याच्या चुका कमी तो पुढे. वेगवान पण बेभरवशाच्या मुलाला तिसऱ्या डाऊनचं एक ठरावीक काम द्या. पहिल्या सामन्याच्या दहा दिवस आधी निवड पक्की करा आणि मग हलवू नका. नव्या मुलांना आपल्या शेजारी कोण आहे याची सवय व्हायला तेवढे दिवस लागतात.

पायरी ८: पहिले चार सामने काय मोजायचं

नव्या बचावावर प्रतिस्पर्धी काय टाकणार हे आधीच ठाऊक असतं: धावण्याचं सोंग करून लांब पास, स्नॅपआधी माणसं हलवणं, विश्रांती न देता पटापट स्नॅप, आणि अधीर एज रशरला फसवणारा स्क्रीन पास (त्याला आत येऊ देऊन त्याच्या मागे टाकलेला छोटा पास). सरावाचा अर्धा वेळ या चारांनाच द्या. स्वतःचं पुस्तक लहान ठेवा. पहिल्या दोन सामन्यांत मागे दोन सेफ्टी खोल ठेवून समोरच्याला छोटे पास देऊ केले तरी चालेल; त्याला गोलरेषेपर्यंत दहा-बारा बिनचूक स्नॅप खेळायला लावणं हाही बचाव आहे.

गुणांकडे बघून निष्कर्ष काढू नका. चार आकडे मोजा: २० यार्डांहून मोठे स्नॅप किती दिले, सुटलेले टॅकल किती, तिसऱ्या डाऊनला समोरचा किती वेळा पुढे गेला, आणि शेवटच्या वीस यार्डांत किती टचडाऊन (चेंडू गोलरेषेपलीकडे नेणं) दिले. १ ऑक्टोबर २०२२ ला जॉर्जिया मिझुरीत चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला १२-२२ ने मागे होतं. चार आकड्यांच्या नजरेने बघितलं तर दिसतं की मिझुरीच्या २२ गुणांपैकी १५ पाच फील्ड गोलांचे (लाथेने मारलेले, प्रत्येकी तीन गुणांचे) होते. नवी मुलं मागे सरकत होती, पण फुटत नव्हती. सामना जॉर्जियाने २६-२२ ने काढला.

तोच संघ डिसेंबरमध्ये एलएसयूविरुद्ध ५०-३० ने जिंकताना पासवर ५०० हून जास्त यार्ड देऊन बसला, आणि ३१ तारखेला ओहायो स्टेटविरुद्ध ४२-४१ असा एका गुणाने वाचला. २०२१ मध्ये सामन्यामागे दहाच्या थोडे वर गुण देणाऱ्या बचावाने २०२२ मध्ये चौदाच्या थोडे वर दिले. हंगाम १५-० झाला, शेवटी टीसीयूला ६५-७ ने हरवलं, तरीही गेलेल्यांची जागा पूर्ण भरली असं मी म्हणणार नाही. सरासरी चार गुणांची तूट राहिली आणि ती आक्रमणाने भरून काढली. हे मुख्य प्रशिक्षकाने ऑगस्टमध्येच मान्य करायला हवं: यंदा चौथ्या डाऊनला धाडस कमी, चेंडू हातात जास्त वेळ, म्हणजे नवा बचाव बाकावर बसून श्वास घेईल.

मध्येच कोणीतरी जखमी होतोच. जॉर्जियाचा नोलन स्मिथ ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी फ्लोरिडाविरुद्ध जायबंदी झाला आणि उरलेला हंगाम खेळला नाही. पुढच्याच आठवड्यात समोर टेनेसी होतं आणि जॉर्जियाने २७-१३ ने सामना जिंकला, कारण त्या जागेवर येणारी मुलं सप्टेंबरपासून ठरवून खेळवलेली होती.

चौथा सामना झाला की त्या रविवारी पायरी १ चा कागद पुन्हा काढा. गेलेल्यांच्या नावांखाली रेघ मारा. खाली नवी यादी लिहा: यंदाच्या अठरांपैकी पुढच्या जानेवारीत कोण कोण जाणार. प्रत्येकासमोर चौथ्या रकान्यात एक नाव लिहा, आणि त्या मुलाला पाचव्या सामन्यात किती स्नॅप मिळतील, तो आकडाही.